इको की बीबीए? आधी उसळवाल्याची वाटी बघ

बारावीचे निकाल लागले की आमच्या या सदराची पत्रपेटी जी भरते ती जुलैपर्यंत काही रिकामी होत नाही. यावेळी तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्रश्नाची आहेत, म्हणून एक पत्र सविस्तर घेतेय आणि दोन थोडक्यात. बाकीच्यांनी आपापलं उत्तर यातच शोधा बघू.

ताई, नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, यंदा बारावी कॉमर्स झाले, गुजरात बोर्ड, ८४ टक्के. मला इकॉनॉमिक्स आवडतं, निदान बारावीत तरी आवडलं. पण घरी सगळे म्हणतात की आर्ट्सला जाऊन बीए करून काय करणार, त्यापेक्षा बीबीए कर, पुढे एमबीए कर, विषय संपला. बाबा म्हणतात इको म्हणजे नुसती थिअरी, बिझनेस म्हणजे प्रॅक्टिकल. माझी मैत्रीण एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बीबीएला जातेय, तिथे एसी क्लासरूम आहेत आणि फॉरेन ट्रिपपण आहे. मला गणिताची भीती नाही पण प्रेमबिम पण नाही. फॉर्ममधे पहिला चॉइस काय टाकू? – एक गोंधळलेली

अगं गोंधळलेली, ८४ टक्के मिळवून स्वतःला गोंधळलेली काय म्हणवतेस, गोंधळ तुझ्या घरच्यांचा आहे. तुझं तर पहिल्याच ओळीत ठरलंय, फक्त त्याच्यावर कोणीतरी शिक्का मारायला हवाय. पण मी लगेच मारणार नाही हं, आधी जरा सेव-उसळ खाऊ.

परवा मी रावपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या लारीवर गेले होते. बशी हातात आली, तर्री तशीच लालभडक, पाव तसेच, पण सेव कमी. मी बघत राहिले तर लक्षात आलं की सेव घालायची जी स्टीलची वाटी होती ना, तीच बदललीय, आधीची जरा पसरट होती, आता आमटीच्या वाटीएवढी आहे. बशीचा भाव मात्र तोच. मी विचारलं, काय भाई, वाटी लहान केलीत का, तर हसला आणि म्हणाला, "बेन, भाव वधारुं तो घराक सामे जतो रहे." म्हणजे भाव वाढवला तर गिऱ्हाईक समोर जाणार. समोर दुसरी लारी आहे ना, दहा पावलांवर.

आता ही बशी धरून उभं राहिल्यावर तुझ्या डोक्यात काय प्रश्न येतात ते बघ. याने भाव का नाही वाढवला, वाटी का लहान केली? गिऱ्हाइकाला दहा रुपये वाढलेले लगेच दिसतात पण मूठभर सेव कमी झालेली दिसत नाही, असं का? समोरचाही वाढवत नाही आणि हाही वाढवत नाही, दोघं एकमेकांची वाट बघतायत, मग आधी कोण हलणार? तेल महाग झालं त्यातलं किती याच्या खिशातून गेलं आणि किती माझ्या बशीतून? आणि तेल मुळात महाग का होतं? आपल्या देशात खायच्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, एप्रिल २०२२ मधे इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली तेव्हा तिकडच्या त्या एका हुकमाने इथल्या फरसाणवाल्यांचे चेहरे उतरले होते, जेमतेम तीन-साडेतीन आठवडे टिकली ती बंदी, तरीसुद्धा. हे सगळे प्रश्न इकॉनॉमिक्सचे.

पण त्याच बशीवर दुसरे प्रश्नही आहेत. एका बशीला खरा खर्च किती येतो हे याने कधी लिहून काढलंय का? फुकट रस्सा किती वेळा द्यायचा? पार्सलचे वेगळे पैसे घ्यायचे का? कामाला ठेवलेला पोरगा दर दिवाळीनंतर परत येतच नाही, त्याला टिकवायचं कसं? आणि कारेलीबागेत दुसरी लारी टाकली तर गल्ल्यावर कोण बसणार? हे प्रश्न बिझनेसचे, बीबीएचे.

यातलं थिअरी कुठलं आणि प्रॅक्टिकल कुठलं ते तुझ्या बाबांनी मला सांगावं. बशी तीच आहे, आणि ज्याला जे प्रश्न पडतात त्याने तिकडे जावं. तुला जर "का झालं" यात मजा येत असेल तर इको आणि "आता काय करायचं" यात हात शिवशिवत असतील तर बीबीए. दोन्ही आवडणारी माणसं असतात, मीही त्यातलीच, पण पहिल्यांदा मनात कुठला प्रश्न येतो ते बघायचं.

आता गणिताचं. ही गोष्ट कोणी नीट सांगत नाही आणि मग पहिल्या सेमिस्टरला पोरं रडतात. बारावीच्या पुस्तकातलं इको म्हणजे गोष्टी वाचल्यासारखं असतं, व्याख्या, वैशिष्ट्यं, मुद्दे, झालं. कॉलेजातलं इको तसं नसतं. मायक्रोमधे इंडिफरन्स कर्व्ह आणि बजेट लाइनपासून सुरुवात होते आणि बघता बघता डेरिव्हेटिव्ह, म्हणजे कॅल्क्युलस येतं, मग स्टॅटिस्टिक्स, मग इकॉनोमेट्रिक्स म्हणजे रिग्रेशनच रिग्रेशन, एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा. एमएपर्यंत गेलीस तर मॅट्रिक्स. माझंच सांगते, एमएच्या पहिल्या सहामाहीला मॅथेमॅटिकल इकॉनॉमिक्समधे मला शंभरपैकी ३१ पडले होते, घरी आठ दिवस सांगितलंच नव्हतं, आणि कारण एकच, बीएला गाइडं वाचून पास झाले होते, एक गणित हाताने सोडवलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत बसून मग अकरावी-बारावी सायन्सचं कॅल्क्युलस केलं, फराळ करायला आई एकटी.

तुझ्यासाठी सोपी परीक्षा आहे. तुमच्या बोर्डाचं बारावीचं स्टॅट्सचं पुस्तक माळ्यावर टाकलं नसशील तर काढ. पहिल्या भागात इंडेक्स नंबर, कोरिलेशन, रिग्रेशन, टाइम सिरीज आहे आणि दुसऱ्या भागात प्रॉबॅबिलिटी, नॉर्मल डिस्ट्रिब्युशन आणि शेवटी डिफरन्सिएशन. रिग्रेशनची चार आणि डिफरन्सिएशनची चार गणितं परत सोडव, मार्कांसाठी नाही, उगाच. तासाभराने जांभया येत असतील तर इकोचा नाद सोड, खरंच सांगते. पण "अरे, हे असं येतं होय" असं एकदाजरी वाटलं तरी बास, प्रेम नसलं तरी चालतं, संसार होतो.

(आणि एक लक्षात ठेव, दिल्ली युनिव्हर्सिटीचं इको ऑनर्स वगैरे मनात असेल तर तिथे बारावीला गणित लागतं. गुजरात बोर्डात कॉमर्सवाल्यांना बहुतेक ठिकाणी स्टॅट्सच असतं त्यामुळे ते दार तुझ्यासाठी बंद आहे, उगाच फॉर्मचे पैसे घालवू नकोस.)

बाबांचा दुसरा मुद्दा, पुढे एमबीए. कर ना, कोण नाही म्हणतंय, पण एमबीएसाठी आधी बीबीए लागतं हे कोणी सांगितलं त्यांना? कॅटला, म्हणजे आयआयएमच्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेला, कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो, जनरलला पन्नास टक्के लागतात, आणि त्या पेपरात मॅनेजमेंटचा एक प्रश्न नसतो, इंग्रजी वाचन, लॉजिक आणि गणित बास. म्हणजे इको करून एमबीएला जाणं अगदी सरळ रस्ता आहे. उलटा रस्ता मात्र अवघड आहे. बीबीएत इकोचे एखाददोन पेपर असतात तेवढ्यावर चांगल्या ठिकाणी एमए इको झेपत नाही, आणि एमए इको नसेल तर यूपीएससीच्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला बसता येत नाही, रिझर्व्ह बँकेत रिसर्चवाल्या डिपार्टमेंटचे जे अधिकारी घेतात त्यांनाही इकोचं किंवा फायनान्ससारख्या जवळच्या विषयाचं पोस्ट ग्रॅज्युएशन लागतं. मग पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट आहे, १९३० पासूनचं, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, तिकडे जाऊ शकशील. आपल्या शेजारी आणंदचं इर्मा घे, रूरल मॅनेजमेंट शिकवणारं, १९७९ पासून आहे, तिथेही वेगवेगळ्या शाखांची मुलं येतात. म्हणून माझा कल कुठे आहे ते तुला कळलंच असेल.

पण बीबीएला नावं ठेवायची नाहीयेत मला. तीन वर्षांत नोकरी हवीच असेल, घरची परिस्थिती तशी असेल, तर बीबीएवाल्यांना अकाउंट्स येतं, पाच जणांसमोर उभं राहून बोलता येतं, इंटर्नशिप झालेली असते, ते सेल्समधे, बँकेच्या ऑफिसात पटकन लागतात. इकोवाली मुलगी तीन वर्षांनी नुसती डिग्री घेऊन बाहेर आली, एक्सेल येत नाही, चार लोकांत तोंड उघडत नाही, तर तिला कोण घेणार? मी बँकेत पंचवीस वर्षं काढली, कर्जाच्या फायली बघायचे, माझ्या शेजारच्या टेबलावर एमबीए झालेला एक मुलगा होता. पतंगवाल्यांचे अर्ज यायचे उत्तरायणच्या आधी, गेंडीगेटकडचे. तो पहिल्यांदा बघायचा की माल कधी विकला जाईल आणि हप्ता कधी सुटेल, मी बघायची की हा माणूस आत्तापर्यंत शेठजीकडून काय व्याजाने घेत होता आणि आमच्याकडे का आला. दोघं मिळून फाइल बरी व्हायची. एकट्याने कोणीच नीट केली नसती, त्यानेही नाही नि मीही नाही.

आणि "आर्ट्सला जाऊन काय करणार" हे वाक्य निदान बडोद्यात तरी बोलू नये गं. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन ज्या तरुणाला कोलंबियाला पाठवलं त्याने तिथे इकॉनॉमिक्सच घेतलं, पुढे लंडनला जाऊन रुपयाच्या प्रश्नावर डीएससी केली. बाबासाहेब आंबेडकर. (१९१७ ला तेच बाबासाहेब संस्थानच्या नोकरीवर परत आले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, हेही आपण विसरता कामा नये, नुसती शिष्यवृत्तीच सांगत बसतो.) दुसरे आपल्या बडोद्यात शिकलेले आय. जी. पटेल. इकॉनॉमिक्सचा माणूस, १९७७ ते ८२ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, नंतर अहमदाबादच्या आयआयएमचे डायरेक्टर आणि तिथून १९८४ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे डायरेक्टर. देशातली एवढी मोठी बिझनेस स्कूल इकोवाल्याने चालवली की! हे बाबांना जेवताना सांग, तापलेले असतील तेव्हा नको.

शिवाय आर्ट्सचं नाव ऐकून घरात वादळ होत असेल तर आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत मधला रस्ता आहेच. इकॉनॉमिक्स आर्ट्स फॅकल्टीत आहे तसं कॉमर्स फॅकल्टीत बिझनेस इकॉनॉमिक्सचं वेगळं डिपार्टमेंट आहे. बीकॉम करताना तो विषय धरलास तर अकाउंट्सही येतं, इकोही सुटत नाही, आणि लग्नकार्यात आत्याने विचारलं तर "बीकॉम करतेय" म्हणता येतं. मात्र इकोच्या एमएला जायचं पक्कं असेल तर आर्ट्सचं बरं, कारण पेपर जास्त मिळतात. जीकॅसवर, म्हणजे सरकारच्या प्रवेशाच्या पोर्टलवर, चॉइस भरायच्या आधी दोन्हीकडे स्वतः जाऊन ये, ऑफिसात नको, कॅन्टीनमधे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार की मागच्या वर्षीचा पेपर दाखवा. पेपरात नुसतं "स्पष्ट करा, टिपा लिहा" असेल तर समजून जा.

एसी आणि फॉरेन ट्रिप. काय सांगू? ट्रिपचे पैसे कुठून आले ते मैत्रिणीच्या वडलांना विचार. प्रायव्हेटला वर्षाला लाखांत फी जाते, ती देऊन जर चांगले शिक्षक मिळत असतील तर जरूर जा, पण मग विचारायचं ते हे की अकाउंट्स कोण शिकवतं, किती वर्षं शिकवतं, गेल्या वर्षी प्लेसमेंटमधे किती जणांना काय काम मिळालं, आणि काम म्हणजे पगाराचं की इन्सेंटिव्हवर पॉलिसी विकायचं. शिवाय २०२४-२५ पासून बीबीएसारखे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आलेत, मान्यता आहे की नाही ते कॉलेजच्या होर्डिंगवर विश्वास ठेवून ठरवू नकोस, एआयसीटीईच्या साइटवर बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

तर स्टॅट्सची आठ गणितं सोडव. जमली तर पहिला चॉइस आर्ट्सचं इको, दुसरा कॉमर्सचं बिझनेस इको, तिसरा बीबीए. आणि ज्या बाजूला जाशील तिथे पहिल्या वर्षीच एक्सेल नीट शिक, नुसती बेरीज नाही, पिव्होट टेबल वगैरे.

ताई, माझं उलटं आहे. पप्पांचं मकरपुरा जीआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, नऊ कामगार. मला बीबीए करायचंय पण शाळेतले सर म्हणतात की इको घे, त्याला रिस्पेक्ट आहे. गणितात मी कच्चा. – एक मुलगा, मांजलपूर

सरांना नमस्कार सांग आणि बीबीए घे. रिस्पेक्टने शेड चालत नाही. तुला रोज जे लागणार आहे ते कॉस्टिंग, जीएसटी, माणसं सांभाळणं आणि मुख्य म्हणजे उधारी. बीबीए नाही मिळालं तर बीकॉमही तेवढंच चांगलं, त्यात अकाउंट्स जास्त पक्कं होतं, मी तर म्हणेन तुझ्यासाठी काकणभर सरसच. फक्त गणितात कच्चा आहेस म्हणून बीबीए सोपं जाईल असं समजू नकोस, कॉस्टिंगचा पेपर आला की कळेल.

आणि डिग्रीची वाट न बघता या सुट्टीत एक काम कर. पप्पांची मागच्या वर्षाची बिलबुकं घेऊन बस आणि प्रत्येक बिलासमोर पैसे किती दिवसांनी आले ते लिही. छोट्या कारखानदाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं २००६ च्या एमएसएमई कायद्यात लिहिलंय, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि आता इन्कम टॅक्समधेही नियम आलाय की असे पैसे थकवले तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. त्यासाठी पप्पांचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, हवं, आहे का ते विचार. नसेल तर बीबीएच्या पहिल्या दिवसाआधी तुझं पहिलं काम ठरलं.

माझी लेक दहावी झाली. तिला आत्ताच आयआयएमचं वेड लागलंय, बारावीनंतर थेट आयआयएम इंदूरला जाता येतं म्हणे. कॉमर्स देऊ की सायन्स? कोचिंग आत्तापासून लावू का? – एक आई, वाडी

जाता येतं, २०११ पासून. आयपीएम म्हणतात त्याला, पाच वर्षांचा एकत्र कोर्स, बारावीनंतर त्यांची वेगळी परीक्षा असते, गणिताचे दोन भाग आणि इंग्रजीचा एक. पाचव्या वर्षाअखेर एमबीए, आणि तीन वर्षांनी बाहेर पडायचं ठरवलं तरी पदवी हातात येते. गंमत म्हणजे तिथे पहिल्या तीन वर्षांत इकॉनॉमिक्स, गणित, स्टॅटिस्टिक्स भरपूर शिकवतात, म्हणजे मॅनेजमेंटवाल्यांनाही आधी वाटी का लहान झाली तेच विचारतात!

सायन्स-कॉमर्सपेक्षा अकरावी-बारावीत गणित सुटता कामा नये एवढं बघा. कॉमर्स आवडत असेल तर जिथे कॉमर्सबरोबर गणित मिळतं अशी सीबीएसईची शाळा बघा, आपल्याकडे आहेत तशा. मग इको ऑनर्स, आयपीएम, स्टॅटिस्टिक्स, सगळीच दारं उघडी राहतात.

आणि कोचिंग आत्ता नको हो, सुट्टी आहे, पोरीला जरा कमाटी बागेत फिरू दे. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात बघू, तेव्हा परत पत्र टाका, आणि तोवर घरात एक इंग्रजी पेपर चालू करा, तो मात्र उद्यापासून.